गॅलरी पडली तर कुणाची?

समजासाहेबांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. आई होती, ती गेली. बायको 'अहो' म्हणते, मुलगी 'बाबा' म्हणते आणि बाकी सगळं जग, तोंडावर काय नि पाठीमागे काय, 'समजासाहेब'च म्हणतं. का ते विचारू नका, त्यांच्याशी दोन वाक्यं बोला, आपोआप कळेल. चहा घेणार का विचारलं तर म्हणतील, "घेईन, पण समजा दूध नासलेलं असलं तर?" लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी म्हणतील, "समजा मध्येच अडकली तर?" बाहेर पडताना छत्री घेतात आणि वर रेनकोटही घेतात, कारण समजा छत्री उलटली तर? एवढंच कशाला, लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी होणाऱ्या बायकोला विचारलं होतं, "समजा आपलं पटलंच नाही तर?" ती म्हणाली, "तर मी माझ्या घरी जाईन, तुम्ही तुमची छत्री घ्या आणि तुमच्या घरी जा." त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. त्यांचं म्हणणं, या बाईकडे निदान योजना तरी तयार होती.

ही थट्टा दुसऱ्या कुणी केलेली नाही, बरं का. ते स्वतःच हे सगळं सांगतात, हातवारे करून सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतः हसतात. "मला उंटावरचा शहाणा म्हणू नका," असंही म्हणतात, "समजा उंट उठला तर? मी आयुष्यात उंटावर बसलेलो नाही."

तर अशा माणसाला नोकरी कसली लागावी? धोके शोधायची! आधी सरकारात, सार्वजनिक इमारतींच्या तपासणीच्या खात्यात. शाळा, दवाखाने, वाचनालयं, सभागृहं, कुठे भिंत फुगली, कुठे छत ओघळलं, ते बघायचं आणि लिहायचं. कामाचं ठिकाण म्हणजे एक लांबलचक खोली, तिच्यात पाठीला पाठ लावून बसलेली टेबलं, आणि इमारतींची सुरक्षितता तपासणाऱ्या त्या खोलीचं स्वतःचं छत मात्र कोपऱ्यात गळत असे. खाली बादली ठेवलेली होती. बादली भरली की जो सगळ्यात नवा असेल त्याने ती ओतायची, असा तिथला रिवाज होता. छताबद्दल कुणी काही लिहिलं नाही, कारण आपल्याच खात्याविरुद्ध पहिली सही कोण करणार?

पहिली सही! सगळी मेख तिथे होती. त्या खात्यात धोका इमारतीत नसे, सहीत असे. इमारत पडली तर ती पडेल तेव्हा पडेल, पण सही आजच केलेली असते, आणि चौकशी झाली की बोट पहिल्या सहीवर जातं. म्हणून त्या लोकांनी एक युक्ती काढली होती. सही पेन्सिलीने करायची, बारीक, कोपऱ्यात. फाइल वर जायची, वरचाही पेन्सिलच उचलायचा, त्याच्या वरचाही तेच. सगळ्यांच्या पेन्सिली जमल्या की कमिटी बसायची आणि सगळे एकाच दमात, एकाच दिवशी, शाईने गिरवायचे. म्हणजे पहिली सही कुणाचीच नाही! सापही मरावा आणि काठीही मोडू नये, तसं. साप मात्र कधी मेलेला दिसला नाही. समजासाहेब या पेन्सिलीच्या कलेत इतके तयार झाले की त्यांची सही आहे की कागदाला धूळ लागली आहे हे भल्याभल्यांना ओळखू येत नसे. शिवाय त्यांचं एक खास वाक्य होतं, "सद्यस्थितीत धोका आढळून येत नाही, तथापि..." त्या 'तथापि'च्या पुढे ते काहीही लिहीत. छत पडलं तर 'तथापि' दाखवायचं, नाही पडलं तर त्याच्या आधीचं वाक्य दाखवायचं. धाकटे कारकून त्यांच्याकडे येत आणि म्हणत, "साहेब, एक तथापि लावून द्या ना." आणि साहेब लावून देत.

मग पन्नाशी उलटल्यावर खात्याने माणसं कमी करायला काढली, तेव्हा समजासाहेब स्वेच्छेने बाहेर पडले आणि एका खासगी विमा कंपनीत लागले. काम तेच. इमारत बघायची, धोका लिहायचा. पण तिथलं वारं वेगळं! काचेच्या खोल्या, गार हवा, कॉफीचं यंत्र, आणि त्यांच्याच मुलीच्या वयाची बॉस, जी 'सर' म्हणून हाक मारायची आणि त्याच श्वासात काम सांगायची. पहिल्याच दिवशी समजासाहेबांनी एका गोदामाबद्दल लिहिलं, की वायरी उघड्या आहेत, आग लागू शकते. त्यांना वाटलं, बॉस घाबरेल. ती खूश झाली. "छान, सर. म्हणजे हप्ता वाढवता येईल."

सरकारात ज्या धोक्याला सगळे हात लावायला भीत, तो इथे तराजूत घालून विकत होते! आणि तोही घरी ठेवत नव्हते. ही कंपनी त्यातला अर्धा धोका एका मोठ्या कंपनीला विकायची, ती आणखी मोठीला, ती कुठल्या तरी समुद्रापलीकडच्याला. त्यांनी बायकोला समजावून सांगितलं, "अगं, सरकारात धोका वर ढकलतात आणि कंपनीत बाजूला ढकलतात. एवढाच फरक." बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि त्या गोदामाच्या वायरी?" ते म्हणाले, "त्या आहेत तिथेच आहेत."

तीही हसली, तेही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

आता बायकोचं सांगतो, कारण गोष्ट खरी तिची आहे. बाई गायची. लग्नाआधीपासून गायची आणि चांगलं गायची. शाळेत गाणं शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. वर्गभर पोरांचं बेसूर गाणं ऐकून घरी आली की स्वयंपाक करताना स्वतःसाठी गायची, तेव्हा समजासाहेब वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत. पण तिने कधी म्हटलं, की एकदा मंचावर गावंसं वाटतं, की यांचं सुरू. समजा आवाज बसला तर? समजा लोकच आले नाहीत तर? समजा आले आणि उठून गेले तर? त्यांना ते प्रेमच वाटायचं, खोटं कशाला बोला. बायकोला दुखापत होऊ नये म्हणून ते आधीच कुंपण घालत होते. ती बिचारी दर वेळी म्हणायची, "बरं, पुढे बघू." असं करता करता ती साठीची झाली.

आणि साठीची झाली त्या वर्षी तिने नवऱ्याला विचारणंच सोडून दिलं. शेजारपाजारच्या, शाळेतल्या जुन्या अशा बायका जमवल्या, एक वाद्यवृंद ठरवला आणि थेट गावातल्या जुन्या सभागृहाची तारीख घेऊन घरी आली. तिकिटं छापून झाल्यावर तिने एक तिकीट नवऱ्याच्या हातात ठेवलं. "पहिली रांग, मधली खुर्ची. मी गाताना समोर तुम्ही दिसायला हवेत. आणि एक करा, त्या दिवशी तुमचं ते 'समजा' घरी कुलपात ठेवून या."

त्यांनी कबूल केलं. मनापासून केलं.

ते सभागृह म्हणजेही एक गंमतच होती. बांधलेलं सरकारने, मालकी सरकारची, पण चालवायला दिलेलं एका ठेकेदाराला. नळ गळला तर ठेकेदार म्हणे, इमारत सरकारची. छत गळलं तर सरकार म्हणे, देखभाल ठेकेदाराची. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, की विमा आहे. विमा समजासाहेबांच्याच कंपनीचा. पॉलिसी नव्याने करायची होती, म्हणून कार्यक्रमाच्या त्याच आठवड्यात बॉसने त्यांना तपासणीला पाठवलं. "फार वेळ घालवू नका, सर. सरकारी दाखला आहेच."

समजासाहेब गेले ते जरा ऐटीतच. बायको जिथे गाणार तो मंच बघितला, पडदे बघितले, पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसूनही बघितलं. मग सवयीने वर गॅलरीत गेले. वर लाकडी बाकं, पुढे कठडा, आणि एका बाकावर सभागृहाचा रखवालदार आडवा झालेला. ते गॅलरीच्या मागच्या अडगळीच्या खोलीत शिरले. तिथे भिंतीत गॅलरीच्या लोखंडी तुळयांची टोकं शिरलेली दिसत होती. भिंतीवर ओल होती, जुनी, हिरवी ओल. त्यांनी खिशातली घराची किल्ली काढली आणि एका टोकावर सहज टोचून बघितली. किल्ली आत गेली! लोखंडात! त्यांनी हाताने ओढलं तर गंजाची एक जाडजूड खपली सुटून तळहातावर आली, आणि तिच्या मागे पुन्हा गंजच. दुसरी तुळई बघितली, तिसरी बघितली. तेच. गॅलरी उभी होती ती फक्त सवयीने.

ते बाहेर आले आणि रखवालदाराला गदागदा हलवून उठवलं. "अरे, ऊठ! ही गॅलरी कुणी तपासली होती? कुणी दाखला दिला हिला?"

रखवालदार डोळे चोळत म्हणाला, "सरकारी माणूस आला होता की, साहेब. मागे, ठेका दिला तेव्हा."

"मागच्या खोलीत गेला होता?"

"छे हो. जिन्यापर्यंत आला. मला विचारलं, विम्याची तपासणी झाली आहे का? मी म्हटलं, विमा आहे. मग तो म्हणाला, विमा कंपनीवाले काय बघितल्याशिवाय विमा देतात होय? झालं. चहा घेतला आणि गेला."

समजासाहेबांचं डोकं फिरलं. "काय मूर्ख माणूस आहे! विमावाले सरकारी दाखला बघून विमा देतात, आणि हा गाढव विमा बघून दाखला देतो! म्हणजे बघितलं कुणी? कुणीच नाही! कोण होता तो?"

रखवालदार उठून बसला. त्याने समजासाहेबांकडे नीट निरखून पाहिलं, जरा संकोचला, आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच होतात की. हीच छत्री होती. तुम्ही बघून गेलात म्हणून तर मी रोज दुपारी निर्धास्त इथे झोपतो."

हा भाग सांगताना समजासाहेब आजही हसत नाहीत. अशा चहापुरत्या तपासण्या इतक्या झाल्या होत्या, की ही त्यांना आठवतही नव्हती. ते म्हणतात, जगात कुणी स्वतःचाच हात धरून स्वतःलाच म्हणत नसेल की काळजी करू नको, मी आहे ना. ते त्यांनी करून दाखवलं होतं. ज्या माणसाने चहातल्या दुधावर विश्वास ठेवला नाही, त्याने आयुष्यात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला होता, आणि तो माणूस तो स्वतःच निघाला.

गंजाची खपली रुमालात बांधून ते तडक जुन्या खात्यात गेले. त्यांच्या टेबलावर आता त्यांचाच एके काळचा हाताखालचा माणूस बसत होता, ज्याला त्यांनी स्वतः 'तथापि' शिकवलं होतं. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, खपली उलटसुलट करून बघितली.

"गंभीर आहे, सर," तो म्हणाला. "अर्ज करा. पुढच्या कमिटीत घेऊ."

"अरे, कार्यक्रम शनिवारी आहे! नुसती गॅलरी बंद करायची चिठ्ठी दे."

तो ओशाळला. "सर, तुम्हाला काय सांगायचं? ती पहिली सही होईल." त्याच्या डोक्यावर छताचा तो कोपरा अजून गळत होता. बादली फक्त नवी होती.

समजासाहेब तिथून कंपनीत गेले. बॉसने खपलीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. समजासाहेबांना क्षणभर आशा वाटली. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही आणायला नको होतं. आता आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही." मग तिने संगणकावर दोन ओळी टाइप केल्या आणि हुश्श केलं. "झालं. पॉलिसीतून गॅलरी वगळली. आता पडली तरी आपली नाही."

"अहो पण, पडली तर कुणाची?"

"आपली नाही, सर," ती पुन्हा म्हणाली, आणि ते तिने अगदी प्रेमाने सांगितलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसं.

त्या दिवशी घरी येताना समजासाहेब रस्त्याच्या मधोमध थांबले, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, कारण समजा मागून गाडी आली तर? खातं आणि कंपनी, दोन्हीकडे बघून झालं होतं. दोन्हीकडे हुशार माणसं होती, वाईट कुणीच नव्हतं. आणि जी भाषा ती दोघं बोलत होती ती भाषा यांना पाठ होती, कारण अर्धी यांनीच घडवली होती.

घरात बायकांचा गलबला चालला होता. तालीम नुकतीच संपली होती. बायको हातात कागद घेऊन कोण कुठे बसणार ते ठरवत होती. "गॅलरीत आपल्या घरची माणसं," ती सांगत होती. "सगळ्यांची मुलं, सासवा, सगळे वर. मुलांना वरून छान दिसतं. आमचा नातू तर म्हणतो, मी कठड्यापाशीच बसणार."

समजासाहेबांनी तोंड उघडलं. "अगं, ऐक ना. ती गॅलरी... समजा..."

खोलीतल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. एक तर म्हणाली, "सुरू झालं बाई!" बायको मात्र हसली नाही. तिने कागद खाली ठेवला. इतकी वर्षं कुंपण घालून घेतलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला कबूल केलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आजवर मी तुमचं प्रत्येक 'समजा' ऐकलं. एक कार्यक्रम मागितला होता हो तुमच्याकडे. एकच."

आता सांगा, काय बोलणार? लांडगा आला, लांडगा आला म्हणून ज्याने जन्मभर ओरडा केला, त्याच्या अंगणात खरा लांडगा येऊन बसला होता. खिशात खपली होती, ती काढून दाखवता आली असती. पण ती दाखवली की पुढचा प्रश्न आला असता, की आधी कुणी तपासली होती? ते म्हणाले, "काही नाही. छान होईल कार्यक्रम." त्यांना स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

शनिवारी मात्र ते दुपारीच सभागृहावर हजर झाले. सोबत पुठ्ठा, दोरी आणि शाईचं पेन. बायकोला सांगितलं, खुर्च्या लावायला मदत करतो. गॅलरी नुसती बंद करून भागणार नव्हतं, कारण ती खाली बसलेल्यांच्या डोक्यावर होती. त्यांनी गॅलरीखालच्या मागच्या रांगांना दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'धोका.' लोक येऊ लागले. पहिल्या कुटुंबाने पाटी वाचली, दोरी उचलली आणि खालून वाकून आत जाऊन बसलं. दुसऱ्यांनी पहिल्यांचं बघून तेच केलं. एक गृहस्थ तर पाटीला हात टेकवून बूट नीट करत होते. समजासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग पाटी उलटी करून लिहिलं, 'रंग ओला आहे.' आत बसलेले सगळे धडपडत उठले, कपडे झटकत, एकमेकांची पाठ तपासत पुढे गेले, आणि नंतर त्या दोरीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. जिवाला जपणारे लोक कमी आणि कपड्यांना जपणारे जास्त, हे इतकी वर्षं धोका लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी समजलं.

पण गॅलरीच्या जिन्याला ही युक्ती चालेना. पोरं कसली ओल्या रंगाला भितात! तेव्हा समजासाहेबांनी एक खुर्ची आणली, जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे आडवी टाकली आणि तिच्यावर स्वतः बसले. मुलगी नातवाला घेऊन आली. "बाबा, सरका, आम्हाला वर जायचंय."

"वर बंद आहे."

"आज तरी नको ना, बाबा! आईचा कार्यक्रम आहे आज!" तिचा आवाज चढला, नातू रडायला लागला, मागे माणसं साचली. कुणी म्हणालं, म्हातारा चळलाय. ठेकेदाराचा मॅनेजर धावत आला. "काय चाललंय? गॅलरी बंद करायची ऑर्डर कुणाची?"

"माझी."

"तुमची म्हणजे कुणाची? खात्याची की कंपनीची?"

समजासाहेब उभे राहिले. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि त्याच्यापुढे हुद्दा जोडला नाही. मग उरलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'गॅलरी धोक्याची आहे. मी बंद केली आहे,' आणि खाली सही केली. शाईने, भली मोठी. मॅनेजर ती सही बघतच राहिला. भांडायला त्याच्यासमोर खातं नव्हतं, कंपनी नव्हती, एकटा माणूस होता, आणि एकट्या माणसाशी कसं भांडायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो पाय आपटत गेला. वर जाणारी सगळी मंडळी कुरकुरत पुढे गेली, मुलं मंचापुढे जमिनीवर बसली, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले.

पडदा उघडला. समजासाहेब जिन्यापाशीच बसून होते, कारण खुर्ची सोडली की पोरं वर पळणार हे त्यांना ठाऊक होतं. मध्ये भिंत होती. गाणं ऐकू येत होतं, दिसत काहीच नव्हतं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी राहिली.

गॅलरी पडली नाही. त्या संध्याकाळी पडली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रिकामी गॅलरी कशाला पडेल? म्हणजे समजासाहेब बरोबर होते की वेडे, हे कळायला कुणाला मार्गच उरला नाही. मात्र एक चमत्कार घडला. दोन्ही संस्थांनी, आयुष्यात पहिल्यांदा, एकाच आठवड्यात निर्णय घेतले. खात्याने विचारणा केली की निवृत्त माणसाने सरकारी जिना कोणत्या अधिकारात अडवला, आणि कंपनीने कळवलं की आपल्या सेवांची यापुढे आवश्यकता नाही. खात्याच्या कागदावर सही शाईची होती आणि एकच होती. समजासाहेबांनी ती कौतुकाने पुन्हा पुन्हा बघितली. सभागृहात दोन नव्या पाट्या लागल्या, एक सरकारची, एक ठेकेदाराची, आणि दोन्हींवर मजकूर सारखाच, 'गॅलरीचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा.' रखवालदाराने तेवढी दुपारची झोप खाली आणली.

आणि बायको? ती बोलतच नव्हती. कार्यक्रम छान झाला होता, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, घरात फुलं सुकत पडली होती, आणि ती नवऱ्यापुढे जेवणाचं ताट ठेवून मुकाट्याने आत जात होती. समोर बघावं तर रिकामी खुर्ची, हे तिच्या मनातून जात नव्हतं. समजासाहेब तिचं काही चुकतंय असं म्हणत नाहीत.

मग एका सकाळी तिने त्यांचा कोट धुवायला काढला. खिसे बघितले आणि रुमालाची गाठ सापडली. ती तशीच ओल्या हाताने बाहेर आली. "हे काय आहे?"

"गॅलरीची तुळई," समजासाहेब म्हणाले. "तिचं टोक."

तिने ती खपली दोन बोटांत धरली आणि जरा दाबली. खपलीचा भुगा झाला आणि तिच्या बोटांतून फरशीवर सांडला. ती त्या भुग्याकडे बघत राहिली. तिने स्वतःच्या हाताने आखलेल्या त्या कागदावर कठड्यापाशी कुणाकुणाला बसवलं होतं, ते तिला आठवत असणार, कारण ती भिंतीला धरून खाली बसली.

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आधी कुणी तपासली होती."

"कुणी?"

"मी," ते म्हणाले. "मी, न बघता."

त्याच्यापुढे त्यांनी 'तथापि' लावलं नाही. तिने पदराने डोळे पुसले. बोटांना लागलेला गंज गालावर उतरला, तो तिला कळला नाही.

"गाणं ऐकू आलं का हो तिथे?"

"शब्द नाही लागले. पण तेवढ्या बायकांत तुझा आवाज सुटा ओळखू येत होता. तिसऱ्या गाण्याला मी रडलो. तिथे कुणी नव्हतं, म्हणून बरं झालं."

ती उठली, केरसुणी आणली, भुगा भरायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "समजा, मी आणखी एक कार्यक्रम केला तर?"

समजासाहेबांनी तोंड उघडलं. घशाशी सगळं तयार होतं, नोकरी गेलेली, सभागृह असलं, तिचं वय, लोक, आवाज, पाऊस. ती केरसुणी थांबवून वाट बघत होती.

"कर," ते म्हणाले. "सभागृह आधी मी बघून येतो."